सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस: आठ विमानतळांतून आपली जोडी आधी ठरवा, तिकीट नंतर काढा

बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातून, लॉस एंजेलिसला जायचं म्हटलं की बहुतेक जण एसएफओ (सॅन फ्रान्सिस्को) आणि एलएएक्स (लॉस एंजेलिस) हे विमानतळांचे दोनच कोड टाकतात, यादीतलं सगळ्यात वरचं तिकीट उचलतात आणि मोकळे होतात. तिकीट खरंच स्वस्त असतं. पुढे मात्र सनीव्हेलहून एसएफओला टॅक्सी, एलएएक्सहून ॲनाहाइमला टॅक्सी, बॅगांचे पैसे, शेजारी-शेजारी बसायचे पैसे असा एकेक आकडा चढत जातो. भारतातून आई-वडील आले की उन्हाळ्यात हा प्रवास मराठी घरांमध्ये हमखास होतो आणि दर वर्षी तीच चूक होते. चूक क्रमाची आहे. आधी पत्ता, मग विमानतळ, मग वेळ आणि शेवटी भाडं असा क्रम ठेवा. खालचे टप्पेही त्याच क्रमाने करा, मधला गाळू नका.

## टप्पा 1: शोध सुरू करण्याआधी चार गोष्टी लिहून काढा

1. घराचा पत्ता. नुसतं ‘बे एरिया’ नको. फ्रीमाँट, क्युपर्टिनो, ओकलंड, सॅन फ्रान्सिस्को शहर यांपैकी नेमकं काय ते लिहा.
2. पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता आणि शेवटच्या दिवशी जिथून परतायचं ती जागा. या दोन जागा एकच असतील असं नाही.
3. माणसं किती आणि चेक-इन करायच्या बॅगा किती.
4. हलवता न येणाऱ्या वेळा: लग्नाचा मुहूर्त, डिस्नेलँडचं तारीख ठरलेलं तिकीट, सोमवारी सकाळचं ऑफिस.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडा वेळ घालवा. ‘एलए’ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो पसारा प्रचंड आहे. डिस्नेलँड लॉस एंजेलिस शहरात नाही, ऑरेंज काउंटीतल्या ॲनाहाइममध्ये आहे. युनिव्हर्सल स्टुडिओ उत्तरेला, बर्बँकच्या शेजारी. आर्टेशियाचा पायोनिअर बुलेवार्ड, म्हणजे तिथलं ‘लिटल इंडिया’, लाँग बीचच्या बाजूला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना संध्याकाळच्या गर्दीत दीड-दोन तास सहज जातात, विमानाच्या उड्डाणापेक्षा जास्त.

तपासा: मुक्काम अजून ठरला नसेल तर इथेच थांबा, आधी तो ठरवा. हॉटेलच्या आधी विमान काढलं की हॉटेल विमानतळाच्या सोयीनं निवडावं लागतं.

## टप्पा 2: विमानतळांची जोडी ठरवा

उत्तरेला तीन, दक्षिणेला पाच. जोड्या पंधरा होतात, पण तुमच्या पत्त्यांना शोभणाऱ्या दोन-तीनच निघतात.

उत्तरेकडचे तीन

*एसएफओ (सॅन फ्रान्सिस्को).* सर्वांत जास्त उड्डाणं इथून. शहरात राहणाऱ्यांना बार्ट रेल्वे थेट आंतरराष्ट्रीय टर्मिनलपाशी सोडते. साउथ बेमध्ये, म्हणजे सॅन होजेच्या बाजूला, राहत असाल तर मात्र तो लांब पडतो.

*ओएके (ओकलंड).* ईस्ट बेमधल्यांसाठी, म्हणजे ओकलंड-फ्रीमाँटच्या बाजूच्यांसाठी, सोयीचा. बार्टच्या कोलिसियम स्टेशनवर उतरायचं आणि तिथून विमानतळाची जोडगाडी पकडायची. फ्रीमाँटहून कोलिसियमला थेट बार्ट आहे, त्यामुळे टॅक्सीचा खर्च पूर्ण वाचू शकतो.

*एसजेसी (सॅन होजे).* सनीव्हेल, सांता क्लारा, क्युपर्टिनो, मिल्पिटस इथल्यांनी शोधाची सुरुवात इथूनच करावी. विमानतळ आटोपशीर आहे. दारापर्यंत रेल्वे नाही, पण व्हीटीए या स्थानिक बससेवेची 60 क्रमांकाची बस मिल्पिटस बार्ट आणि सांता क्लारा कॅलट्रेन (उपनगरी रेल्वे) या दोन्ही स्टेशनांना जोडते.

दक्षिणेकडचे पाच

*एलएएक्स.* समुद्रकिनाऱ्याकडचा भाग, सँटा मोनिका, कल्व्हर सिटी इथे जायचं असेल तर हाच. फ्लायअवे बस इथून डाउनटाउनच्या युनियन स्टेशनला जाते. टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी बहुतेक टर्मिनलांच्या दारात मिळत नाही. ‘एलएएक्स-इट’ नावाच्या वेगळ्या तळापर्यंत शटलने किंवा चालत जावं लागतं. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा वेळ धरून चाला.

*बीयूआर (बर्बँक).* युनिव्हर्सल, हॉलीवूड, ग्लेंडेल, पासाडेना यांसाठी. विमानतळाला लागूनच रेल्वे स्टेशन आहे आणि भाड्याच्या गाड्यांचं केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर. हॉलीवूडला जायचं असताना एलएएक्सला उतरणारे लोक पाहिले की वाईट वाटतं, कारण बर्बँकहून ते अंतर किरकोळ आहे.

*एसएनए (जॉन वेन, सँटा आना).* अर्व्हाइन आणि डिस्नेलँडसाठी. हा विमानतळ घड्याळाला बांधलेला आहे. आवाजाच्या निर्बंधांमुळे प्रवासी विमानं रात्री 10 नंतर सुटत नाहीत आणि 11 नंतर उतरत नाहीत. सकाळी 7 च्या आधी, रविवारी 8 च्या आधी, उड्डाण नाही.

*एलजीबी (लाँग बीच).* छोटा आणि सुटसुटीत. आर्टेशिया, सेरिटोस आणि लाँग बीच यांना जवळ. डिस्नेलँडसाठीही एलएएक्सपेक्षा बरा. उड्डाणं मोजकी.

*ओएनटी (ऑन्टारिओ).* रँचो कुकामाँगा, चिनो हिल्स, रिव्हरसाइड यांसाठी उत्तम. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनपासून तो पूर्वेला साधारण 35 मैल आहे, त्यामुळे नातेवाईक त्या भागात नसतील तर भाडं कितीही कमी दिसलं तरी मोहात पडू नका.

सावधान: कोड अक्षर-अक्षर वाचा. हे ऑन्टारिओ कॅलिफोर्नियातलं शहर आहे, कॅनडातला प्रांत नव्हे. सॅन होजे कोस्टारिकातही आहे. तिथला कोड एसजेओ, आपला एसजेसी.

आता जाण्याची आणि येण्याची जोडी वेगवेगळी करून पाहा. अमेरिकेतल्या अंतर्गत मार्गांवर एकेरी तिकीट बहुधा परतीच्या तिकिटाच्या निम्म्या भावात मिळतं, त्यामुळे एकाच विमानतळावरून परतायची सक्ती नसते. सहल युनिव्हर्सलपासून सुरू होऊन डिस्नेलँडला संपत असेल, तर एसजेसी ते बीयूआर जा आणि एसएनए ते एसजेसी परत या. ऑरेंज काउंटीतून पुन्हा उत्तरेला येण्याची अर्धा दिवस खाणारी फेरी वाचते. गाडी भाड्यानं घेणार असाल तर तेवढं बघा: एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडल्याचे वेगळे पैसे लागतात का.

## टप्पा 3: सगळ्या जोड्या एकदम शोधा

1. गूगल फ्लाइट्सवर ‘कुठून’च्या चौकटीत स्वल्पविराम देऊन तिन्ही कोड टाका. ‘कुठे’च्या चौकटीत तुमच्या दोन-तीन निवडी टाका. पाचही टाकायचा मोह आवरा, नाहीतर टप्पा 2 वाया जाईल.
2. ‘नॉनस्टॉप’ची गाळणी लावा. सव्वा ते दीड तासाच्या प्रवासाला लास व्हेगास किंवा फीनिक्सला विमान बदलण्यात काही अर्थ नाही, पण यादीत अशी तिकिटं स्वस्ताईमुळे वर येतात. प्रत्येक जोडीला थेट उड्डाण असेलच असंही नाही.
3. तारखांचा तक्ता उघडा आणि दोन दिवस पुढे-मागे बघा.
4. मग त्याच विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तोच भाव आहे का ते बघा.

आता एक बारकावा. शोध पहिल्यांदा *एका* प्रवाशासाठी करा, नंतर तुमच्या पूर्ण संख्येसाठी. विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात. समजा 69 डॉलरच्या गटात दोनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही चार मागितल्या, तर यंत्रणा दोन स्वस्त आणि दोन महाग असं देत नाही. चारही जागा वरच्या भावानं दाखवते. एकट्याचा भाव आणि चौघांचा प्रत्येकी भाव यांत फरक दिसला की समजा हेच झालंय. मग दोन तिकिटं आधी काढायची आणि दोन नंतर.

सावधान: अशी फोड केली की आरक्षणं दोन होतात. उड्डाण रद्द झालं तर दोन्ही आरक्षणांना एकाच पर्यायी विमानात जागा मिळेल याची खात्री नाही. म्हणून फोड करताना आई-वडील आणि लहान मुलं प्रत्येकी एका कर्त्या माणसाबरोबर ठेवा. चार-पाच डॉलरच्या फरकासाठी तर हे करूच नका.

आणखी एक गैरसमज डोक्यातून काढा. मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढलं किंवा ब्राउझरची खासगी खिडकी वापरली म्हणून भाव पडत नाही. *प्रवासाचा* वार मंगळवार, बुधवार किंवा शनिवार असेल तर मात्र खरंच फरक पडतो. शुक्रवारी संध्याकाळ आणि रविवारी संध्याकाळ या मार्गावर सर्वांत महाग. स्वस्त गटांना पुष्कळदा 21, 14 किंवा 7 दिवस आधी तिकीट काढण्याची अट असते आणि ती तारीख उलटली की भाडं उडी मारतं. म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणण्याआधी कॅलेंडरवर हे तीन दिवस खुणावून ठेवा.

## टप्पा 4: वेळ निवडा, धुक्याचा विचार करून

एसएफओच्या ज्या दोन समांतर धावपट्ट्यांवर विमानं मुख्यतः उतरतात, त्यांच्यात फक्त 750 फुटांचं अंतर आहे. हवा स्वच्छ असली की वैमानिकांना एकमेकांची विमानं दिसतात आणि विमानं कमी अंतरानं उतरवता येतात. उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून ढगांचा थर खाली आला की हे जमत नाही आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या एकदम घटते. मग येणारी विमानं निघण्याच्याच ठिकाणी रोखून धरतात. लांबून निघालेली विमानं आधीच हवेत असतात, त्यामुळे जमिनीवर थांबायची पाळी लॉस एंजेलिससारख्या जवळच्या मार्गांवर पहिल्यांदा येते.

याचा सरळ अर्थ: मे ते ऑगस्टमध्ये सकाळी दहाच्या आत एसएफओला *उतरणारं* विमान टाळा. दुपारचं घ्या, किंवा ओएके अथवा एसजेसीला उतरा. त्या दोघांना या अडचणीचा एवढा फटका बसत नाही.

परतीचं शेवटचं विमान कुठून घ्यायचं, हेही इथेच ठरवा. रविवारी रात्री एसएनएहून निघायचं आणि विमान उशिरा आलं, तर दहाची मर्यादा आडवी येऊन मुक्काम पडू शकतो. सोमवारी सकाळी काम असेल तर एसएनएहून संध्याकाळी सहाच्या आसपासचं विमान घ्या किंवा एलएएक्सवरून या. छोट्या विमानतळाची सोय मोठी असते, पण एक उड्डाण रद्द झालं की पुढचं कित्येक तासांनी असतं. एलएएक्सवरून बे एरियाला दिवसभर विमानं असतात.

## टप्पा 5: दारापासून दारापर्यंतचा हिशोब

उदाहरण म्हणून क्युपर्टिनो ते डिस्नेलँडजवळचं हॉटेल, एकेरी प्रवास घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या तारखेचे खरे आकडे त्यांच्या जागी घाला.

पर्याय अ: एसएफओ ते एलएएक्स, प्रत्येकी 69 डॉलर. टॅक्सी एसएफओपर्यंतची 70, एलएएक्सहून हॉटेलपर्यंतची 95, मिळून 165.
पर्याय ब: एसजेसी ते एसएनए, प्रत्येकी 99 डॉलर. टॅक्सी 25 आणि 35, मिळून 60.

- एकटा प्रवासी: अ 234, ब 159.
- दोघं: अ 303, ब 258.
- चौघं: अ 441, ब 456.

तिकीट 30 डॉलरनं महाग असूनही एकट्याला आणि दोघांना ‘ब’ स्वस्त पडतं. चौघं झाले की टॅक्सीचे पैसे वाटले जातात आणि ‘अ’ 15 डॉलरनं पुढे जातं. त्या 15 डॉलरसाठी दोन्हीकडच्या महामार्गांवरची गर्दी सोसायची का, हे तुम्ही ठरवा. आई-वडील बरोबर असतील तर मी ‘ब’च घेईन.

कोणी सोडायला येणार असेल तर त्या बाजूची टॅक्सी वजा करा. स्वतःची गाडी विमानतळावर ठेवणार असाल तर पार्किंगचे *सगळे* दिवस मोजा. लोक हा आकडा हमखास विसरतात.

माणसं चार किंवा जास्त आणि सामान भरपूर असेल, तर याच कागदावर मोटारीचा पर्यायही मांडा. आय-5 वरून साधारण 380 मैल, सहा तास. तिथे पोचल्यावर गाडी भाड्यानं घ्यावी लागणार असेल, तर पुष्कळदा मोटारच जिंकते.

## टप्पा 6: तिकिटाचा प्रकार वाचा

जाहिरातीतल्या भाड्यात कर धरलेले असतात, तो कायदाच आहे. बॅग आणि जागेची निवड त्यात नसते.

- युनायटेडच्या देशांतर्गत बेसिक इकॉनॉमी (सर्वांत स्वस्त प्रकारच्या) तिकिटावर वरच्या कप्प्यात ठेवायची केबिन बॅग नेता येत नाही. सीटखाली मावेल तेवढी छोटी पिशवी चालते. मोठी बॅग घेऊन गेटवर पोचलात तर बॅगेचे पैसे आणि वर हाताळणीचे 25 डॉलर.
- डेल्टा आणि अमेरिकनच्या बेसिकवर, तसंच अलास्काच्या सेव्हर या तशाच स्वस्त तिकिटावर केबिन बॅग चालते.
- फ्रंटियर केबिन बॅगेचेही पैसे घेते.
- साउथवेस्टच्या दोन बॅगा फुकट, हा समज आता सोडा. 28 मे 2025 पासून काढलेल्या बहुतेक तिकिटांवर पहिल्या चेक-इन बॅगेला पैसे पडतात. सुरुवातीचा दर 35 डॉलर होता. ‘जो आधी चढेल त्याची जागा’ ही पद्धतही 27 जानेवारी 2026 पासून गेली.

बेसिक तिकीट बहुधा बदलता येत नाही. तारखा पक्क्या असतील तरच ते घ्या. आजी-आजोबांच्या तब्येतीवर किंवा ऑफिसच्या रजेवर बेत अवलंबून असेल, तर एक पायरी वरचं तिकीट घेतलेलं बरं.

तपासा: पैसे भरण्याआधी जागा निवडायचं पान येतं. तिथे आसनांवर आकडे दिसतात आणि आता निवडलंच पाहिजे असं वाटतं. तसं नाही. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, फिक्या अक्षरांत, पुढे जाण्याचा पर्याय बहुधा असतो. जोडप्यानं सव्वा तासाच्या प्रवासाला जागा विकत घ्यायची गरज नाही. लहान मूल असेल तर कंपनीचा नियम आधी वाचा.

## टप्पा 7: नाव, पैसे, चोवीस तास

भारतीय पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात मराठी माणसांचं बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव एकत्र असतं, ‘सुनंदा रमेश’ असं, आणि आडनाव वेगळ्या ओळीत. तिकिटावर पहिल्या नावाच्या चौकटीत तो रकाना जसाच्या तसा भरा, आडनावाच्या चौकटीत आडनाव. घरात चालणारं ‘नंदा’ टाकू नका. बोर्डिंग पासवर दोन्ही नावं जोडून छापली गेली तर घाबरू नका, ते नेहमीचंच आहे.

7 मे 2025 पासून सुरक्षा तपासणीत रिअल आयडीचा, म्हणजे ठरावीक निकषांचं ओळखपत्र दाखवण्याचा, नियम लागू आहे. भेटीला आलेल्या आई-वडिलांना त्याची चिंता नको, मुदतीतला भारतीय पासपोर्ट चालतो. तो सुटकेसमध्ये मात्र टाकू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसणार असेल तर त्याचं तिकीट लागत नाही, पण आरक्षणात नोंद करा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा.

तिकीट शक्यतो विमान कंपनीकडूनच काढा. उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त अवधी असेल, तर थेट कंपनीकडे केलेलं आरक्षण चोवीस तासांत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतात, किंवा कंपनी पैसे न घेता चोवीस तास तो भाव धरून ठेवते. त्रयस्थ संकेतस्थळांवर ही सक्ती नाही. या चोवीस तासांत तीन गोष्टी पुन्हा वाचा: नावाची अक्षरं, दोन्ही विमानतळांचे कोड, सकाळ आहे की संध्याकाळ.

आई-वडिलांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती आत्ताच नोंदवा. ती मोफत असते. लाँग बीचसारख्या छोट्या विमानतळावर बंद पुलाऐवजी उघड्यावरच्या उतरणीवरून विमानात चढावं लागतं, हे त्यांना आधी सांगा.

## टप्पा 8: तिकीट काढल्यावर भाव बघत राहा

किमतीचा मागोवा चालू ठेवा. बेसिकच्या वरचं तिकीट असेल आणि भाव उतरला, तर बहुतेक मोठ्या कंपन्यांत बदलाचं शुल्क नसल्यामुळे त्याच विमानाचं तिकीट नव्या भावानं करून घेता येतं. फरक पुढच्या प्रवासासाठी जमा म्हणून मिळतो, रोख नाही. त्या जमेची मुदत लिहून ठेवा.

## टप्पा 9: निघण्याच्या दिवशी

नातेवाइकांसाठी नेलेलं लोणचं आणि तूप चेक-इन बॅगेत टाका. केबिनमध्ये त्यांना द्रवपदार्थाचा नियम लागतो, म्हणजे 100 मिलिलिटरच्या आतलीच बाटली. लाडू, चिवडा, चकली हातातल्या पिशवीत चालतात.

सकाळी उठल्यावर आधी बघायचं ते आपलं विमान *येतंय कुठून*. या मार्गावर एकच विमान दिवसभर फेऱ्या मारत असतं. आधीच्या फेरीला उशीर झाला असेल तर कंपनीचा संदेश येण्याआधीच तुम्हाला ते कळतं.

उड्डाण रद्द झालं, देशांतर्गत प्रवासाला तीन तास किंवा जास्त उशीर झाला, किंवा कंपनीनं तुमचा निघण्याचा अथवा उतरण्याचा विमानतळच बदलला, तर प्रवास नाकारून पूर्ण पैसे मागायचा हक्क तुम्हाला आहे. पैसे ज्या कार्डवरून भरले त्यावरच परत यायला हवेत. एसएनएचं तिकीट असताना कंपनी आधीच कळवून एलएएक्सला नेणार असेल, तर ‘चालेल’ हे बटण दाबण्याआधी टप्पा 5 मधला हिशोब पुन्हा करा. एकदा ‘चालेल’ म्हटलं की परताव्याचा हक्क संपतो आणि वाढलेल्या टॅक्सीचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.